गर्बर आणि मशीन: दुधाच्या फॅटची दोन मापने ताडून पाहण्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

फलटण तालुक्यातील एका गावच्या दूध संकलन केंद्रावर दिवाळीपासून एकच तक्रार ऐकू येत आहे, की तेथील अल्ट्रासॉनिक मशीनवर फॅट कमी लागते. केंद्राचे सचिव आज महाविद्यालयात येऊन भेटले. त्यांचे म्हणणे सरळ होते: "सर, मशीन चुकत असेल तर मला कळू द्या आणि बरोबर असेल तर तसं कागदावर लिहून द्या. रोज सकाळी पावती फाडताना वाद होतोय."

आमच्या रसायनशास्त्र विभागात गर्बर पद्धतीचा संच आहे. या पद्धतीत दुधात गंधकाम्ल घालून नळी वेगाने फिरवतात आणि वेगळा झालेला चरबीचा स्तंभ नळीवरच्या रेघांवर वाचतात. त्यात नळ्या फिरवणारा, आठ नळ्यांचा विजेवर चालणारा सेंट्रिफ्यूज, आठ ब्युटिरोमीटर (म्हणजे रेघा आखलेल्या त्या नळ्या) आणि एक वॉटर बाथ आहे. तृतीय वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, काम करायला तयार झाले. मशीन आणि गर्बर ही दोन्ही मापने एकाच दुधावर घ्यायची आणि त्यांतील फरक खरा आहे की योगायोगाचा, हे टी चाचणीने पाहायचे, एवढीच योजना होती. हे काम पंधरा दिवसांत उरकेल असे मी सचिवांना सांगितले. प्रत्यक्षात त्याला पाच आठवडे लागले, आणि त्यांतील बराच वेळ ज्या चुकांमुळे गेला त्या दुसऱ्या कोणी करू नयेत म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. डिग्री (लॅक्टोमीटरवरील वाचन) आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) यांना आम्ही हात लावलेला नाही. येथे जे काही आहे ते केवळ फॅटविषयी आहे.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी सहाला केंद्रावर पोहोचलो. दहा गवळ्यांच्या दुधाचे मशीनवरील आकडे वहीत उतरवून घेतले आणि त्याच दहा जणांचे नमुने बाटल्यांत भरून बर्फाच्या डब्यात ठेवले. बाटल्यांवर खाते क्रमांक साध्या पेनने कागदी पट्टीवर लिहिले होते. चौदा किलोमीटरचा प्रवास करून प्रयोगशाळेत डबा उघडला, तेव्हा बर्फाच्या पाण्याने सहा पट्ट्या सुटून तळाशी साचल्या होत्या आणि उरलेल्या चारांवरील शाई पसरली होती. हातात मशीनचे दहा आकडे होते आणि दुधाच्या दहा बाटल्या होत्या, पण कोणती बाटली कोणत्या आकड्याची हे कळायला मार्ग नव्हता.

तरीही गर्बर चाचणी करून टाकली, आणि विद्यार्थ्यांनी दोन स्वतंत्र गटांची टी चाचणी लावली. पी मूल्य, म्हणजे मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.६१ आले. "म्हणजे फरक नाही, सर," असे मुलगा म्हणाला, आणि मीही ते जवळजवळ मान्य केले होते. सायंकाळी सचिवांना फोन लावायला घेतला होता, पण मन साशंक असल्यामुळे थांबलो. तो फोन केला नाही याचे आज समाधान वाटते.

११ जानेवारी, शनिवार

बुधवारच्या गर्बर चाचण्यांवरही विश्वास ठेवता येत नाही, हे आज लक्षात आले. त्या दिवशी चरबीच्या स्तंभाखाली काळपट जळका थर दिसत होता आणि तो नेमका कोठे संपतो हे ठरवताना प्रत्येकाचे वाचन वेगळे येत होते. कारण शोधल्यावर उलगडले की आम्ही विभागातील नेहमीचे ९८ टक्के संहत गंधकाम्ल तसेच वापरले होते. गर्बरसाठी लागणारे आम्ल ९० ते ९१ टक्क्यांचे असते. त्याहून तीव्र आम्लाने दूध करपते आणि सौम्य आम्लाने न विरघळलेले पांढरे कण स्तंभात अडकतात. विभागात रसायनशास्त्र शिकवले जाते, म्हणून तेथील आम्ल दूध तपासणीलाही चालेल असे मी गृहीत धरले, आणि त्यात एक दिवस आणि दहा नमुने वाया गेले.

आम्ल स्वतः सौम्य करण्यापेक्षा तयार गर्बर आम्ल विकत आणले. ज्यांना सौम्य करावेच लागेल त्यांनी पाण्यात आम्ल थोडे थोडे घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये, आणि भांडे थंड पाण्यात ठेवून चष्मा लावूनच काम करावे.

आजच दोन ब्युटिरोमीटरही फुटले. आम्ल आणि दूध मिसळताना नळी हाताला सोसवत नाही इतकी तापते. ती कापडात न गुंडाळता बूच दाबताना मान तडकली. इजा झाली नाही, परंतु यापुढे जाड कापडाशिवाय नळी हातात घ्यायची नाही, असे मुलीने स्वतःच फळ्यावर लिहून ठेवले.

१३ जानेवारी, सोमवार

आजचा पूर्ण तास कागद-पेन्सिल घेऊन बसलो. या परिसरातील गायींच्या दुधात फॅट ३.२ पासून ४.५ पर्यंत लागते. म्हणजे गाय ते गाय हा फरकच एकाहून अधिक आहे, आणि आम्हाला मशीनचा शोधायचा असलेला दोष असलाच तर तो ०.१ किंवा ०.२ एवढा असणार. जोडी मोडून दोन ढीग केले, की गायींमधला मोठा फरक मशीनच्या छोट्या दोषावर पांघरूण घालतो. जोडी शाबूत ठेवली, की प्रत्येक दुधाची तुलना त्याच दुधाशी होते आणि गाय कोणती होती याचा प्रश्नच उरत नाही. चाचणी कोणती लावायची हे संगणकासमोर बसून ठरत नाही. बाटलीवर क्रमांक कसा टाकला, तेथेच ते ठरलेले असते.

या संदर्भात दुधाचीच एक जुनी गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली. १९३० साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात शाळेतील २०,००० मुलांवर प्रयोग झाला. निम्म्यांना चार महिने रोज दूध दिले आणि निम्म्यांना दिले नाही. गट चिठ्ठ्यांनी किंवा आद्याक्षरांनी पाडले होते, पण गट विषम वाटल्यास मुले बदलण्याची मुभा शिक्षकांना होती. बहुधा कणवेपोटी हडकुळी, गरीब मुले दुधाच्या गटात अधिक गेली, आणि दूध न मिळणारा गट सुरुवातीलाच वजनाने आणि उंचीने सरस ठरला. टी चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते 'स्टुडंट', म्हणजे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट, यांनी १९३१ मध्ये या प्रयोगावर लिहिताना सुचवले, की एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तर फारच कमी खर्चात अधिक खात्रीचे उत्तर मिळाले असते. वीस हजारांच्या जागी पन्नास जोड्या! आमच्याकडे तर एकाच बाटलीतले दूध आहे, जुळ्यांपेक्षाही जवळचे.

१७ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीची सुट्टी संपल्यावर चार नमुन्यांवर नव्या पद्धतीची रंगीत तालीम केली. नवी पद्धत अशी: गवळ्याच्या कॅनमधील दूध ढवळणीने खालवर नीट हलवायचे, त्यातून पाव लिटर एका भांड्यात घ्यायचे, त्यातले काही तेथेच मशीनला द्यायचे आणि उरलेले दोन बाटल्यांत भरायचे. बाटल्यांवर क्रमांक काच कोरणीने कोरले, त्यामुळे पट्टी सुटण्याचा प्रश्न मिटला.

थंडीचा एक त्रास आज समजला. बर्फात ठेवलेल्या बाटलीच्या मानेला सायीचा पातळ पिवळसर पट्टा चिकटला होता, आणि पिपेट सरळ खाली बुडवला असता तर तो पट्टा तसाच राहून फॅट कमी आली असती. आता प्रत्येक बाटली आधी ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतो, मानेवरची साय सुटेपर्यंत हळुवार उलटसुलट करतो, फेस होऊ देत नाही, आणि मग थंड करून १०.७५ मिली दूध पिपेटने घेतो. ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिली आम्ल, त्यावर कडेने दूध आणि शेवटी १ मिली अमाइल अल्कोहोल हाच क्रम ठेवायचा. मशीनला देण्याच्या दुधातही बुडबुडे चालत नाहीत, म्हणून तेथेही तीच काळजी घेतली.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुपारी घडली. मुलाने ब्युटिरोमीटर डोळ्यांच्या रेषेत धरला, बूच किंचित दाबून स्तंभाचा तळ मोठ्या रेघेवर आणला, वरचा अर्धचंद्र पाहिला आणि "३.५" असे सांगितले. वहीत शेजारी मशीनचा आकडा ३.३८ लिहिलेला होता. त्याची नजर तिकडे गेली, त्याने नळी पुन्हा वर धरली आणि म्हणाला, "नाही, ३.४ असावं." त्याच्या मनात काही खोटे नव्हते. पण अशी दहा वाचने झाली की मशीनचा दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांतूनच झाकला जातो. तेव्हापासून मशीनच्या पावत्या केंद्रावरच पाकिटात बंद करतो, पाकीट माझ्याकडे राहते, आणि गर्बर वाचणाऱ्याला केवळ बाटलीचा क्रमांक माहीत असतो. मशीनला नमुने देण्याचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरवतो, म्हणजे एका नमुन्याचा अंश पुढच्यात गेला तरी तो नेहमी एकाच दिशेने जाणार नाही.

दोन नियम आकडे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवले. पहिला: प्रत्येक नमुन्याच्या दोन गर्बर चाचण्या करायच्या आणि त्यांत ०.१ पेक्षा जास्त अंतर आले तर दोन्ही रद्द करून नव्याने करायच्या. दुसरा: सरासरी फरक ०.१ च्या आत असेल तर मशीन कामापुरते ठीक मानायचे, कारण केंद्राच्या दरपत्रकात ०.१ फॅटला एक पॉइंट म्हणतात आणि एका पॉइंटला लिटरमागे ३० पैसे पडतात.

२१ जानेवारी, मंगळवार

मुख्य फेरी आज झाली. चौदा गवळ्यांना विचारले होते, त्यांतील दोघांनी नकार दिला. आपली फॅट जास्त निघाली तर केंद्रवाले नाराज होतील आणि कमी निघाली तर दर पडेल, अशी त्यांची भीती होती. ती अनाठायी आहे असे मला म्हणवले नाही. उरलेल्या बारा जणांचे नमुने मिळाले.

बारा नमुन्यांच्या चोवीस नळ्या, आणि एका वेळी आठच बसतात, म्हणून तीन फेऱ्या झाल्या. एका फेरीला भरणे, पाच मिनिटे फिरवणे, ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवणे, वाचणे आणि धुणे धरून सत्तर मिनिटे लागली. बाथमधून काढलेली नळी लगेच वाचावी लागते. आजच्या गारठ्यात जरा रेंगाळले की स्तंभ आखडतो.

सातव्या नमुन्याच्या दोन नळ्यांत ३.९ आणि ३.५ असे आले. दुसऱ्या नळीचे बूच फिरताना सैल होऊन थोडा द्रव बाहेर आला होता, रॅकच्या कप्प्यात तपकिरी डाग दिसला. नियमाप्रमाणे दोन्ही रद्द केल्या आणि पुन्हा केल्यावर ३.९ आणि ३.९ आले. मशीनचा आकडा पाकिटात बंद असल्यामुळे कोणते वाचन 'सोयीचे' हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच हा निर्णय निःशंकपणे घेता आला.

२२ जानेवारी, बुधवार

पाकीट फोडून आकडे संगणकावर भरले. आधी गर्बर, नंतर मशीन:

१) ३.६०, ३.४७
२) ४.१०, ३.९०
३) ३.३०, ३.२८
४) ३.८५, ३.७०
५) ४.५०, ४.२६
६) ३.४५, ३.३८
७) ३.९०, ३.७२
८) ३.२०, ३.२४
९) ४.२५, ४.०४
१०) ३.७०, ३.५५
११) ३.५५, ३.४९
१२) ४.००, ३.८१

गर्बरची सरासरी ३.७८, मशीनची ३.६५, सरासरी फरक (मशीन वजा गर्बर) उणे ०.१३. जोडीची टी चाचणी लावली तर टी आला उणे ०.९२ आणि पी मूल्य ०.३८. आम्ही तिघेही गोंधळलो. जोडी सांभाळण्यासाठी एवढा आटापिटा केला आणि उत्तर पुन्हा 'फरक सिद्ध होत नाही' असेच कसे?

पाऊण तासाने चूक सापडली. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त फॅट पटकन दिसावी म्हणून मुलीने गर्बरचा रकाना चढत्या क्रमाने लावला होता. एक्सेलने शेजारचा रकानाही सोबत हलवायचा का असे विचारले, तेव्हा तिने फक्त निवडलेला रकाना हलवायला सांगितले. त्यामुळे गर्बरचे आकडे वरखाली झाले आणि मशीनचे जागेवर राहिले. आठव्या ओळीत वहीप्रमाणे फरक अधिक ०.०४ हवा होता, पडद्यावर तो उणे ०.६६ दिसत होता. तेथे धागा सापडला.

ही चूक घातक अशासाठी, की रकाना कसाही हलवला तरी सरासरी बदलत नाही. ३.७८, ३.६५ आणि उणे ०.१३ हे तिन्ही आकडे वहीतल्या बेरजेशी तंतोतंत जुळत होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. बदलते ते फरकांचे प्रमाण विचलन, म्हणजे फरक किती पसरले आहेत याचे माप. वहीप्रमाणे ते ०.०८५ आहे आणि विस्कटलेल्या रकान्यात ते ०.४९ झाले होते. यापुढे नमुना क्रमांकाचा रकाना नेहमी सोबत ठेवायचा, फरकाचा रकाना हाताने काढलेल्या तीन ओळींशी पडताळायचा आणि मगच चाचणी लावायची, असे ठरवले.

२३ जानेवारी, गुरुवार

जोड्या जागेवर आणून पुन्हा केले. सरासरी फरक उणे ०.१३, प्रमाण विचलन ०.०८५, ते १२ च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी किती हलू शकते याचे माप, ०.०२४६. सरासरी फरकाला प्रमाण त्रुटीने भागून टी उणे ५.२९, डिग्रीज ऑफ फ्रीडम (जोड्यांपेक्षा एक कमी) ११. तक्त्यात ५ टक्के पातळीला मर्यादा २.२०१ आहे, म्हणजे आमचा टी तिच्या कितीतरी पलीकडे गेला. पी मूल्य ०.००१ पेक्षा कमी आहे. ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा सरासरी फरक ज्या पट्ट्यात असावा असे मानता येते तो पट्टा, उणे ०.१८ ते उणे ०.०८.

हेच आकडे मुद्दाम दोन स्वतंत्र गट मानून पाहिले, तर टी उणे ०.९० आणि पी मूल्य ०.३८ मिळते. दूध तेच आणि आकडेही तेच, फक्त कोणता आकडा कोणाचा जोडीदार ही माहिती फेकून दिली आणि निष्कर्ष उलटा झाला. काल विस्कटलेल्या रकान्याने दिलेले उत्तर जवळपास हेच होते, आणि ते योग्यच आहे, कारण जोड्या विस्कटणे आणि जोड्या नसणे यांत फरक नाही. ज्यांना पडताळून पाहायचे आहे त्यांनी वरचे बारा आकडे भरून पाहावेत. एक्सेलच्या टी.टेस्ट फंक्शनमध्ये चौथ्या जागी १ दिला की जोडीची चाचणी होते, २ दिला की समान व्हेरियन्सच्या (पसाऱ्याच्या) दोन गटांची आणि ३ दिला की असमान व्हेरियन्सची. तिसऱ्या जागी २ द्यावा, म्हणजे फरक दोन्ही दिशांनी तपासला जातो. मशीन कमीच दाखवते असे आधी ऐकलेले असले, तरी एकाच दिशेची चाचणी लावून पी मूल्य अर्धे करून घेणे आम्हाला प्रामाणिक वाटले नाही.

बाराच फरक असल्यामुळे त्यांची विभागणी टी चाचणीला हवी तशी प्रसामान्य (घंटेच्या आकाराची) आहे की नाही हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणून विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रम चाचणीही हाताने केली, जी आकड्यांऐवजी फरकांचे लहान-मोठे क्रम वापरते. बारांपैकी एकच फरक अधिक चिन्हाचा आहे, त्याचा क्रम दुसरा, म्हणून अधिक चिन्हाच्या क्रमांची बेरीज, म्हणजे डब्ल्यू, आला २. तक्त्यातील ५ टक्के पातळीची मर्यादा १३ आहे, आणि येथे डब्ल्यू तिच्याहून लहान असला की फरक खरा मानतात. दोन्ही चाचण्या एकच गोष्ट सांगत आहेत.

दुपारी आलेख काढला आणि खरी माहिती तेथे मिळाली. आडव्या अक्षावर दोन मापनांची सरासरी आणि उभ्या अक्षावर फरक मांडला, तर ठिपके सपाट पट्ट्यात न पडता डावीकडून उजवीकडे उतरत गेले. सर्वांत कमी फॅटच्या चार नमुन्यांत सरासरी फरक उणे ०.०३ आहे, म्हणजे नसल्यासारखाच, आणि सर्वांत जास्त फॅटच्या चारांत तो उणे ०.२१ आहे. गर्बरची फॅट १ ने वाढली की मशीन साधारण ०.२ ने अधिक मागे पडते. टी चाचणीला हे दिसत नाही, ती केवळ सरासरी फरक शून्य आहे का एवढेच विचारते. उणे ०.१३ हा आकडा कोणाही गवळ्याचा खरा तोटा सांगत नाही. तो ३.२ वाल्याला फुगवून सांगतो आणि ४.५ वाल्याला कमी करून.

२५ जानेवारी, शनिवार

सचिवांना निष्कर्ष सांगायला गेलो. 'पी मूल्य ०.००१ पेक्षा कमी' हे वाक्य त्यांच्या काही कामाचे नव्हते, आणि ते विचारतील हे ओळखून मी हिशेब पैशांत मांडून नेला होता. ४ च्या वर फॅट लागणाऱ्या दुधाला दोन पॉइंटचा फटका, म्हणजे लिटरमागे सुमारे ६० पैसे. रोज दहा लिटर घालणाऱ्याला दिवसाला ६ रुपये आणि महिन्याला १८० रुपये. ३.३ च्या आसपास लागणाऱ्याला काहीच नाही. ते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणूनच काहीजण भांडतात आणि काहीजण म्हणतात मशीन बरोबर आहे. दोघंही खरं बोलत होते."

या वाक्याने मला एका जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तक्रार करणारे बहुतेक जण चारा-पेंडीवर जास्त खर्च करून फॅट टिकवणारे होते, आणि त्यांनाच मशीनने सर्वांत जास्त कापले होते.

३० जानेवारी, गुरुवार

मशीनचा तंत्रज्ञ आला. सेन्सरच्या नळीत दुधाचा कठीण थर साचला होता. तो आधी अल्कलीच्या आणि मग आम्लाच्या क्लीनरने काढला. कॅलिब्रेशनची, म्हणजे फॅट माहीत असलेल्या दुधाशी मशीन जुळवून घेतल्याची, नोंद पाहिल्यावर कळले, की मागच्या वेळी ते एकाच नमुन्यावर, तेही ३.२ फॅटच्या दुधावर केले होते. तेथे मशीन बरोबर दाखवते आणि तेथून वर जाताना मागे पडते, या आमच्या आलेखातील उताराशी हे पुरेपूर जुळले. या वेळी कमी आणि जास्त फॅटचे दोन नमुने घेऊन कॅलिब्रेशन केले, आणि दोन्हींचे गर्बर आकडे आम्हीच पुरवले. तंत्रज्ञाच्या भेटीचे १,२०० रुपये केंद्राने दिले.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी फेरी, पुन्हा बारा नमुने, तीच बंद पाकिटे, तेच नियम. पूर्वी नकार दिलेल्या दोघांपैकी एक जण आज स्वतःहून बाटली घेऊन आला. सरासरी फरक उणे ०.०२, प्रमाण विचलन ०.०७, टी उणे ०.९९, पी मूल्य ०.३४. आलेखात या वेळी उतार दिसत नाही, ठिपके शून्याच्या रेघेच्या वरखाली विखुरले आहेत.

मुलगा म्हणाला, "पी मूल्य मोठं आलं, मशीन बरोबर आहे." त्याला ८ जानेवारीची वही उघडायला सांगितली. त्या दिवशीही पी मूल्य मोठे होते, आणि मशीन तेव्हा चुकत होते. पी मूल्य मोठे येणे म्हणजे फरक सापडला नाही, एवढेच. तो नाही म्हणून सापडला नाही, की आपली पद्धत ढोबळ होती म्हणून, हे ते मूल्य सांगत नाही. ते विश्वासमर्यादेवरून कळते. आजची मर्यादा उणे ०.०६ ते अधिक ०.०२ आहे. खरा सरासरी फरक या पट्ट्यात कोठेही असला, तरी तो १७ जानेवारीला लिहून ठेवलेल्या ०.१ च्या आत आहे. या आधारावर मशीन गायीच्या दुधासाठी ठीक आहे असे लिहून देता आले. ०.१ ची मर्यादा आकडे आल्यावर ठरवली असती, तर या कागदावर सही करायला माझा हात धजावला नसता.

८ फेब्रुवारी, शनिवार

खर्चाचा हिशेब: गर्बर आम्ल अडीच लिटर ६४० रुपये, अमाइल अल्कोहोल अर्धा लिटर ५८० रुपये, दोन ब्युटिरोमीटर ५८० रुपये, बारा बुचे २४० रुपये, चाळीस बाटल्या ३२० रुपये, पेट्रोल ४५० रुपये. एकूण २,८१० रुपये. वेळेत पाहिले तर उपयोगी ठरलेले काम तालमीसह चार दिवसांचे, आणि पट्ट्या, आम्ल व रकाना यांपायी गेलेले दिवस तीन.

केंद्राच्या भिंतीवर दोन्ही फेऱ्यांचे आलेख लावले आहेत आणि त्यांखाली बाराही नमुन्यांचे आकडे नावे न देता दिले आहेत. दिवाळीपासून कापल्या गेलेल्या पैशांचे काय करायचे, हा प्रश्न केंद्राच्या पुढच्या बैठकीत येणार आहे. माझ्या मते जास्त फॅटवाल्यांना फरक मिळायला हवा, आणि तसे पत्र मी दिले आहे. मात्र आमचा २१ जानेवारीचा आकडा दिवाळीच्या दिवसांना जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण सेन्सरमधला थर तेव्हा किती होता हे मोजलेले नाही. हेही पत्रात लिहिले आहे.

म्हशीचे दूध अजून तपासलेले नाही. त्याची फॅट बरीच वर असते आणि मशीनमध्ये त्याचा वेगळा पर्याय आहे, त्यामुळे गायीच्या दुधावरील निष्कर्ष तिकडे चालणार नाही. त्याचे बारा नमुने १२ फेब्रुवारीच्या सकाळी घ्यायचे आहेत. बाटल्या धुऊन उन्हात उपड्या घातल्या आहेत आणि त्यांवर १३ पासून २४ पर्यंत क्रमांक कोरून झाले आहेत.